उजव्या खांद्याला बसलेला हिसका

टोबरमोरी, ऑन्टॅरिओ
२४ ऑगस्ट १९८७

प्रिय लेनी,

तुझं बुडी मारायचं, हवेनं फुगणारं जाकीट याच खोक्यात आहे. खोकं उघडताना सुरी जपून चालव, नाहीतर ज्याची परीक्षा घ्यायची त्यालाच भोक पाडून बसशील.

तुझ्या पाणबुड्यांच्या शाळेच्या रूडी माशादोला सांग, म्हातारबुवांनी त्याचं काम मन लावून केलं. आठवडाभर हे जाकीट घालून मी सरोवरात उतरत होतो. बुडालेल्या जुन्या शिडाच्या जहाजावरही जाऊन आलो. तुझी मेव्हिस काकू धक्क्यावर उभी राहून येईल-जाईल त्याला विचारत होती, "एकाहत्तराव्या वर्षी माणसानं घरात बसून चहा प्यायला काय हरकत आहे हो?" इथे तिच्या तोंडाला कोण लागणार?

आता जाकिटाचं. बटण दाबलं की पाठीवरच्या टाकीतली हवा लगेच आत येते, बोट काढलं की लगेच थांबते. पट्टे काखेत काचत नाहीत. पाण्यावर तरंगताना तोंड वर राहतं, मान धरत नाही. एका रात्री टम्म फुगवून स्वयंपाकघरातल्या खुर्चीला घालून ठेवलं, सकाळी होतं तसंच. काकू म्हणाली, "न बोलणारा पाहुणा किती गुणी असतो बघा." शिवण मी उलटी करून पाहिली. कुणीतरी काळजीनं घातलेली आहे.

एकच गोष्ट बदलली. उजव्या खांद्यावरून छातीवर एक दोरी लोंबते बघ, ती ओढली की खांद्याची झडप उघडते, हवा भसकन निघून जाते आणि माणूस खाली जातो. कारखान्यानं तिच्या टोकाला वाटाण्याएवढा मणी लावला होता. आमच्या बर्फासारख्या पाण्यात, जाड हातमोज्यांतून तो सापडेल तर शपथ. म्हणून दोरी चार बोटं लांब केली आणि मेपलच्या लाकडाची लिंबाएवढी गोटी घासून पुसून टोकाला बसवली. माझ्या जाकिटाला अशीच आहे. इथल्या सगळ्यांनाच मी लावून दिली आहे. डोळे मिटून हात नेलास तरी सापडेल.

तुझी मैत्रीण ग्वेन गेल्यापासून तू पहिल्यांदाच त्या केल्पच्या, समुद्रातल्या वेलींच्या, रानात उतरणार आहेस, हे मी विसरलेलो नाही. तू पत्रात त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीस, यावरूनच कळलं. पोरी, घाई करू नकोस.

फोन करू नकोस, माझे कान पाण्यानं केव्हाच नेले. लिही.

तुझा,
युअन काका


पॅसिफिक ग्रोव्ह, कॅलिफोर्निया
३ सप्टेंबर १९८७

प्रिय काका,

खोकं पोचलं. भोक पाडलं नाही. काकूनं कोपऱ्यात दडवलेली आल्याची बिस्किटं मात्र घरी न्यायच्या आधीच संपली, त्यातली निम्मी रूडीनं हाणली.

गोटी सुरेख आहे. रूडी ती बराच वेळ हातात घोळवत होता. "कारखानेवाल्यांना अक्कल नाही, तुझ्या काकाला आहे," म्हणाला. आमच्या शाळेचा नवा वर्ग तीन ऑक्टोबरला पाण्यात उतरतोय. त्या सगळ्यांसाठी हीच जाकिटं मागवायचा त्याचा विचार आहे. मात्र त्याआधी मी काही बुड्या मारून बरं-वाईट लिहून द्यायचं. "तू म्हणशील ते," असं तो चारचौघांत म्हणाला. त्यामुळे मला जरा घाम फुटला आहे.

दोनदा उतरले. खिसे बरोबर हाताशी येतात. वाळूवरून तरंगत जाताना असं वाटतं की जाकीट अंगावर नाहीच. पहिली बुडी छान झाली. दुसऱ्या वेळी केल्पमधून वर येताना मध्येच थोडी खाली गेले. हवा भरली, परत वर आले. विशेष काही नाही. प्रवाह असेल.

तुम्ही केल्प कधी पाहिलेला नाही ना? तळाच्या खडकापासून पृष्ठभागापर्यंत सरळ उभे वेल, अंगठ्याएवढे जाड, पानापानाला हवेचा फुगा. वर सगळा पसारा छतासारखा पसरतो. ऊन आलं की आत देवळासारखं वाटतं, आणि ढग आले की कसं वाटतं ते सांगत नाही. त्यात अडकू नये म्हणून आम्ही लोंबणारं काही ठेवत नाही. पायातल्या पोहायच्या पंखांची बक्कलं चिकटपट्टीनं गुंडाळतो, सुरी पोटरीच्या आतल्या बाजूला बांधतो, नळ्या अंगाशी खोचतो. माझा हा सगळा शृंगार व्हायला वेळ लागतो, रूडी खाली होडीत भोंगा वाजवत बसतो.

मी ठीक आहे. घाबरले वगैरे नाही. काकूला सांगा.

लेनी


टोबरमोरी
११ सप्टेंबर १९८७

प्रिय लेनी,

"घाबरले वगैरे नाही" हे वाक्य मी काकूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कुणी विचारलं होतं का तिला?"

तर वर येताना खाली गेलीस. मला वाटतं शिसं जास्त झालं. खाऱ्या पाण्यात माणूस जास्त तरंगतो म्हणून तुम्ही लोक कमरेला शिसं सढळ हातानं बांधता, हे मला माहीत आहे. थोडं कमी करून बघ. जाकिटावर मात्र संशय घेऊ नकोस. मी त्याला इथे सगळ्या बाजूंनी पिळून काढलंय, कुठेही चुकलं नाही.

आता रागावू नकोस, एक बोलतो. ग्वेन तुझ्याबरोबर उतरली होती आणि तू एकटी वर आलीस. ती त्या वेलींत अडकून पडली, टाकीतली हवा संपली, आणि तू शोधत राहिलीस, तुला ती सापडली नाही. एवढं झाल्यावर त्याच पाण्यात उतरताना माणसाचा श्वास आखूड होतो. आखूड श्वास घेणारा माणूस नकळत हात-पाय झाडतो, बटणं चुकीची दाबतो, आणि नंतर त्याला वाटतं की पाण्यानं ओढलं. मी असे खूप पाहिले. चांगले धट्टेकट्टे पाहिले.

म्हणून म्हणतो, जाकिटावर भरवसा ठेव, गोटीवर ठेव, आणि स्वतःच्या मनाला सांग, "बाई, तू जरा गप बस."

दूध आणि ब्रेड खाऊन पाण्यात उतरत जाऊ नकोस. उलटी येते.

काका


पॅसिफिक ग्रोव्ह
१९ सप्टेंबर १९८७

काका,

हे पत्र काकूला वाचून दाखवू नका.

शिसं कमी केलं. त्यानंतर आणखी उतरले. मी तुम्हाला जे सांगितलं नव्हतं ते आता सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

कुणीतरी मला ओढतं.

दर वेळी नाही. वर येताना, केल्पमध्ये, मी उभी असताना. उजव्या खांद्याला हिसका बसतो, जसा मागून माणसानं हात टाकून थांबवावं तसा. आणि मग मी खाली जाऊ लागते. कानाशी बुडबुड्यांचा गलका होतो, तो माझ्याच श्वासाचा असणार. मान वळवून बघते तर मागे वेल हलत असतात, बाकी काही नाही. परवा हिसका बसल्यावर मी बटण दाबलं, हवा आत येतेय असं वाटलं, तरी खालीच चालले होते. शेवटी जिवाच्या आकांतानं पाय मारले, तेव्हा कशीबशी सुटले.

ग्वेनला उजवीकडून खांद्यावर थाप मारायची सवय होती. "चल, वर जाऊ" असं सांगायचं असलं की थाप मारायची. तुम्हाला हे माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

मी सकाळी होडीवर गेले की जाकिटाकडे बघूनच तळहात ओले होतात. परवा रूडीनं पाहिलं. "काय गं, मास्तरीण पाण्याला भ्यायला लागली की काय?" म्हणाला. मी म्हटलं, "तुझ्या होडीच्या वासानं मळमळतंय." तो हसला. पण नंतर हळूच म्हणाला, "लेनी, तुझं मन अजून गेल्या वर्षातच राहिलंय. नको करूस शिकवायचं काम, शाळेच्या दुकानात बस." तो वाईट माणूस नाही. म्हणून जास्त लागलं.

मी खूप विचार केला. तुम्ही तीस वर्षं जाकिटं उलटीपालटी करता आहात आणि तुम्ही म्हणता जाकीट चांगलं आहे. म्हणजे दोष माझ्यात आहे. ज्या बाईला पाण्यात मेलेल्या मैत्रिणीचा हात लागतो तिनं दुसऱ्यांच्या जिवाची जबाबदारी घेऊ नये. काल मी रूडीला लिहून दिलं की जाकीट उत्तम आहे, बिनधास्त घ्या. जाकिटं त्यानं माझ्या मताच्या भरवशावर आधीच मागवली होती, ती आलीसुद्धा. तुमची गोटी त्याला इतकी आवडली की त्यानं सुताराकडून तशाच गोट्या करवून घेतल्या, सगळ्यांना लावतोय, दोरी लांब करून, अगदी तुमच्यासारखी.

तीन तारखेच्या वर्गाबरोबर मी शेवटची उतरेन, सगळ्यांच्या मागे. मग रूडीला सांगेन की मी थांबते. पाण्याशिवाय मला काय येतं, ते मात्र अजून ठरवलेलं नाही.

लेनी


टोबरमोरी
२८ सप्टेंबर १९८७, सोमवार

लेनी,

हे पत्र मी जलद टपालानं टाकतोय. ते शनिवारच्या आत पोचलं तर पुढचं काही वाचायच्या आधी सुरी घे आणि प्रत्येक जाकिटाची गोटी कापून टाक. मग खाली बसून उरलेलं वाच.

तुला कुणी ओढत नाही. मी ओढतोय.

तुझं पत्र आल्यापासून मी जेवणावर बसलो तरी ते खिशातून काढून वाचत होतो. काकूनं काढूनच घेतलं माझ्याकडून, तुझी मनाई मोडली, माफ कर. ती दोनदा वाचून म्हणाली, "हे केल्प म्हणजे आपल्या घेवड्याच्या वेलासारखं काही असतं का हो? उभ्या काठीवर चढलेलं?" मी म्हटलं, तसंच, फक्त पाण्यात. ती म्हणाली, "मग तुम्ही तुमचं ते जाकीट घालून कधी माझ्या घेवड्यातून गेला आहात का?"

मी हसलो, लेनी. आणि मग उठलो. माझं जाकीट फुगवलं, अंगात घातलं, आणि परसातल्या घेवड्याच्या ओळींत शिरलो. शेजारचा डगल मॅकआयव्हर कुंपणावरून बघत होता. "युअन, पाणी तिकडे आहे रे!" असं ओरडला. चार पावलं गेलो असेन. एक वेल दोरी आणि छाती यांच्यामधून गेला. कारखान्याचा वाटाणा असता तर सरकन निसटला असता. पण माझी लिंबाएवढी गोटी वेलाला आडवी धरून बसली. मी पुढे टाकलेल्या पावलानंच दोरी ताणली गेली. उजव्या खांद्याला हिसका बसला. मागून कुणी हात टाकावा तसाच. आणि कानाशी भस्स करून सगळी हवा गेली.

मी तिथेच उभा राहिलो. मी बटण दाबलं, हवा आत येत होती आणि वरून तितकीच जात होती. तुला झालं तसंच.

मी इतकी वर्षं ज्या पाण्यात ही गोटी वापरली त्यात एक वेल नाही. दगड, लाकूड आणि थंडी, एवढंच. माझ्या हातमोज्यांना जे सोयीचं ते मी तुझ्या छातीवर बांधून पाठवलं, आणि वर तुलाच सांगितलं की मनाला गप बसव. तुझं मन खरं बोलत होतं. मी त्याला गप केलं.

ग्वेनचं जाकीट जुनं, गळ्यातलं होतं, त्याला अशी दोरीच नव्हती. म्हणून तिचं जाणं मी यात ओढत नाही. पण एक मला कळत नाही. तू बक्कलं चिकटपट्टीनं बांधतेस, सुरी आत दडवतेस, नळ्या खोचतेस. मग ही एवढी मोठी गोटी लोंबती का ठेवलीस?

काकूनं कालपासून तुझ्या घरी फोन लावलाय. वाजतो, कुणी उचलत नाही. दुकानात लावला, एका मुलीनं घेतला. काकूनं तिला सगळं सांगितलं, लिहून घ्यायला लावलं, परत वाचून दाखवायला लावलं. ती म्हणाली, रूडीला देते. दिलं असेल का? माणसाला आपलं काम सोडून दुसऱ्याची चिठ्ठी आठवते का?

मी इथे बसलोय आणि तो शनिवार माझ्याकडे चालत येतोय. विमानानं यायचं म्हटलं तर कानांमुळे डॉक्टर चढू देत नाहीत. काकूला म्हटलं, तू जा. ती कोट शोधतेय.

पोरी, कापून टाक.

काका


पॅसिफिक ग्रोव्ह
५ ऑक्टोबर १९८७

प्रिय काका,

सगळे जिवंत आहेत. काकूनं सांगितलंच असेल, तरी माझ्या अक्षरात वाचल्याशिवाय तुमचा विश्वास बसायचा नाही, म्हणून आधी हे लिहिलं.

तुमचं पत्र आज आलं. काकूचा फोन घरी मला मिळाला नाही, कारण मी घरी नव्हतेच. रात्री एकटीला झोप येईना म्हणून बहुतेक वेळ धक्क्यावरच्या होडीत झोपत होते. आता काकूला कोट परत खुंटीला लावायला सांगा. मी रविवारी तिच्याशी बोलले, ती फोनवर रडली आणि मग मला "केस विंचरलेस का?" असं विचारलं.

शनिवारी सकाळी ढग होते. आम्ही आठ जण उतरलो, रूडी पुढे, मी सगळ्यांच्या मागे. माझ्या पुढे ओडेट प्रुइट होती. पूर्वी गावात पत्रं वाटायची, आता निवृत्त झाली आहे, नातवंडांना दाखवायचं म्हणून शिकतेय. वर यायची खूण झाली. ती उभी राहून वर जाऊ लागली, केल्पमधून. एक वेल तिच्या छातीवरून सरकला. मग तिनं झटकन मान वळवून उजव्या खांद्याकडे पाहिलं.

काका, मी तसंच बघते. अगदी तसंच. क्षणभर मला वाटलं, ग्वेन आता हिलाही बोलावतेय.

तिच्या खांद्यावरून बुडबुड्यांची माळ सुटली होती. आणि ती खाली चालली होती, माझ्या तोंडासमोरून. चष्म्याच्या काचेतून तिचे डोळे दिसले. तिनं बटण दाबून धरलं होतं, आणि तरी ती खाली चालली होती. खाली खडक संपतो आणि मग तळ दिसत नाही.

माझे पाय हलले नाहीत. खोटं कशाला सांगू? मी तिला जाताना पाहिलं, आणि माझे पाय हलले नाहीत. किती वेळ ते मला ठाऊक नाही. मग मला दोरी दिसली. ताणलेली, सरळ, आणि तिच्या टोकाला गोटी, वेलात पक्की बसलेली. तिथे हात नव्हता. एक झाड होतं आणि एक लाकडाचा गोळा होता.

मी खाली गेले. तिला पट्ट्याला धरलं. वेल ओढला तर तुटत नाही, दुमडला की कटकन मोडतो, तसा मोडला. दोरी ढिली झाली, मग बटण दाबलं, आणि जाकीट फुगलं. आम्ही दोघी हळूहळू वर आलो, तिची नखं माझ्या दंडात. वर आल्यावर ओडेटनं खारं पाणी ओकलं आणि मग रूडीला अशा शिव्या घातल्या की पोस्टात इतक्या शिव्या असतात हे मला माहीत नव्हतं.

होडीवर चढून मी सुरी काढली आणि सगळ्या गोट्या कापल्या. रूडी ओरडला, "अगं, काय करतेस?" मी कापत राहिले. तेव्हा त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. काकूचा निरोप. त्याच्याकडे मंगळवारपासून होता. "मला वाटलं," तो म्हणाला, "तुझं घराणंच भित्रं." त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. संध्याकाळी त्यानं धक्क्यावर सगळी जाकिटं स्वतः धुतली.

तुम्ही विचारलंत, गोटी लोंबती का ठेवली. दुसऱ्या कुणाची असती तर मी पट्टीनं बांधली असती. ती तुम्ही लावली होती. तिच्याकडे लोंबणारी वस्तू म्हणून माझं लक्षच गेलं नाही. तुम्ही स्वतःला जे लावून घ्यायला निघाला आहात त्यातलं निम्मं माझ्याकडे पाठवा, ते माझं आहे.

मी नवीन मत लिहून दिलं आहे. जाकीट चांगलं, शिवण चांगली, खिसे हाताशी. मूळचा बारीक मणी ठेवावा, आणि केल्पमध्ये तोही पट्ट्याखाली खोचावा. खाली एक ओळ घातली की सरोवरात, जाड हातमोज्यांत, मोठी गोटीच बरी. तेव्हा डगलच्या वगैरे जाकिटांची गोटी काढू नका.

भीती गेली असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण गेली नाही. काल रात्री मला ते माझे न हलणारे पाय स्वप्नात दिसले. पुढच्या वेळी दोरी दिसली नाही तर? हलतील का? मला खात्री नाही. आणि ग्वेन तिथेच आहे, कुणी ओढत नसलं तरी.

रूडीला मी सांगणार होते की थांबते. होडी धक्क्याला लागली तेव्हा ते वाक्य तोंडात घेऊन उभी होते. तेवढ्यात ओडेट, ओल्या केसांची, दात वाजत असलेली, ब्लँकेटात गुंडाळलेली, माझ्याजवळ आली. म्हणाली, "पुढच्या शनिवारी किती वाजता, बाई?"

मी म्हटलं, "आठ वाजता."

तुमची,
लेनी